कंपनीची शेवटची टेप

मे महिना लागला की गिरणीतली बडी मंडळी काहीतरी निमित्त काढून आमच्या खात्यात यायची. सोलापूरचा उन्हाळा, आणि अख्ख्या गिरणीत गार हवेची खोली एकच. तीही माणसांसाठी नव्हे, यंत्रासाठी. विव्हिंग मास्तर यायचे, स्टोअरकीपर यायचे. एकदा गिरणीचे डॉक्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांचे दंड आवळत दुपारभर बसले. ‘कॉम्प्युटरचा माणसावर काही परिणाम होतो का ते बघायचंय,’ म्हणाले. परिणाम एवढाच झाला, की पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचा कॉम्प्युटर म्हणजे भिंतीला लागून उभी केलेली लोखंडी कपाटांची रांग. एका कपाटात टेपची चाकं फिरायची, एका बाजूला भोकं पाडलेली कार्डं वाचणारं यंत्र खडखडायचं, आणि प्रिंटर सुरू झाला की शेजारच्या खात्यातले लोक म्हणायचे, ‘त्यापेक्षा आमचे माग बरे.’ गिरणीत कापसाचा तूस सतत उडत असे, आणि तूस म्हणजे आमचा वैरी. त्यामुळं चपला बाहेर काढायच्या, पदर झटकायचा, मगच आत. एखादा कामगार काही कामानं आला तर चपला काढल्यावर सवयीनं हातही जोडायचा. आम्ही हसत नसू. सकाळी यंत्र सुरू करताना माझ्याही मनात तेच असायचं.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. कंपनीच्या, म्हणजे ज्या परदेशी कंपनीचं हे यंत्र होतं तिच्या, मुंबईच्या वर्गात शिकून आले आणि प्रोग्रामर म्हणून लागले. आमच्या घरात कानडी. आई रोज संध्याकाळी विचारायची, ‘एन केलसा माडिदी?’ काय काम केलंस? मी सांगायची आणि ती शेजारच्या बायकांना सांगायची, ‘आमची महानंदा यंत्राला लिहायला शिकवते.’ इतकी नेमकी व्याख्या मला आजवर दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही.

या लेखाचा विषय आहे ऑपरेटिंग सिस्टिम. हल्ली फोन अधूनमधून विचारतो, नवीन घेऊ का, आणि आपण चहा पिता पिता ‘घे’ म्हणतो. आम्हाला हा प्रश्न आयुष्यात एकदाच विचारला गेला, आणि उत्तर द्यायला आम्ही जेवणखाण विसरलो होतो.

ही सिस्टिम काय असते ते आधी सांगते. खात्यात कामगार कितीही हुशार असोत, कुणी कुठल्या मागावर जायचं, सूत आधी कुणाला द्यायचं, हे बघणारं कुणीतरी लागतंच. आम्ही लिहिलेले प्रोग्राम म्हणजे कामगार. त्यांच्यावर देखरेख करणारा एक मोठा प्रोग्राम कंपनी लिहून द्यायची, ती सिस्टिम. टेपवर यायची, तिथून डिस्कवर उतरवायची. रोज यंत्र सुरू केलं की सगळ्यात आधी ती आत जायची आणि मग बाकीच्यांना एकेक करून बोलवायची. आमची सिस्टिम एका वेळी एकच काम करू द्यायची. प्रिंटर छापत बसला की बाकीचं यंत्र नुसतं थांबून राहायचं. तिच्या आणखीही लहरी होत्या. कार्डांच्या गठ्ठ्यात शेवटी कोरं कार्ड राहिलं की ती रुसून बसे. पण त्या लहरी आम्हाला पाठ होत्या. सासरी चार-सहा वर्षं काढली की कुणाला काय चालत नाही ते कळतं, तसंच.

आमच्याकडे सूतसाठा, कापडाच्या ऑर्डरी, हजेरी अशी कामं होती. पण माझं जीव लावून केलेलं काम एकच. बदल्यांची यादी.

गिरणीत कायम कामगारांच्या जोडीला बदली कामगार असत. कायमचा कुणी रजेवर गेला की त्याच्या जागी बदली. पूर्वी रोज सकाळी बदल्यांचा घोळका फाटकाशी उभा राहायचा आणि मुकादम बोट दाखवेल तो आत. ते बोट कुणाकडे वळेल याला काही नियम नव्हता. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्याचा मुकादम अप्पाशा. त्याच्या घरची धुणी धुणाऱ्या बायकांचा नंबर लवकर लागतो, हे सगळ्या गिरणीला माहीत होतं.

आमच्या खात्याचे प्रमुख इनामदारसाहेब. बारीक, ताठ, नाकावर चष्मा, बोलणं कमी. एक दिवस ते युनियनच्या बैठकीतून परत आले आणि मला म्हणाले, “बाई, बदल्यांचा क्रम आपलं यंत्र लावू शकेल का? ज्याचे महिन्यातले दिवस कमी भरलेत तो आधी. मुकादमाचा संबंध नको.”

मी म्हटलं, “हो.” कसं करायचं ते नंतर बघितलं.

तेव्हापासून रोज दुपारनंतर यादी छापून निघायची आणि संध्याकाळी फाटकाजवळच्या काचेच्या पेटीत लागायची. मात्र युनियनशी झालेल्या करारात एक मेख होती. यादी लागली नाही, तर त्या दिवशी जुनी पद्धत. म्हणजे अप्पाशाचं बोट. त्यामुळं आमचं यंत्र बंद पडावं म्हणून मनापासून वाट पाहणारा एक तरी माणूस गिरणीत होता. भेटला की तो हसून विचारायचा, “काय म्याडम, तब्येत बरी हाय का तुमच्या मशीनची?”

आणीबाणी उठली, नवं सरकार आलं. परदेशी कंपन्यांना कडक अटी घालण्यात आल्या, आणि आमच्या यंत्राच्या कंपनीनं भारतातला कारभार आवरायचं ठरवलं. हे आम्हाला कळलं डिसोझांकडून.

डिसोझा म्हणजे कंपनीचे इंजिनिअर. वसईचे. घरची केळीची वाडी, बोलणं अस्सल वसईचं मराठी, वय माझ्या मोठ्या काकांएवढं. दर दोन-तीन महिन्यांनी यंत्र तपासायला यायचे, स्टेशनजवळच्या लॉजवर उतरायचे. आमच्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांना इतकी आवडायची, की जाताना पिशवी भरून न्यायचे. त्या खेपेला ते आले तेव्हा हातात एक टेप होती. चाकाएवढी, प्लॅस्टिकच्या डब्यात.

“ही सिस्टिमची नवी आवृत्ती,” ते म्हणाले. “आणि शेवटची. हवी असेल तर मी बसवून देतो. पुढच्या महिन्यापासून मी कंपनीत नाही. कंपनीच नाही म्हणा ना.”

इनामदारसाहेबांचे डोळे चमकले. ही नवी सिस्टिम एका वेळी दोन कामं चालवणार होती. करकंबच्या बाजूच्या एका साखर कारखान्याला ऊसतोडणीचा क्रम लावून हवा होता. आमच्या यंत्राला वेळ नव्हता म्हणून ते काम अडलं होतं. साहेबांनी गिरणीच्या मॅनेजरना जवळजवळ शब्द दिला होता, की हंगामाच्या आत आपण ते घेऊ. सोलापुरात बसून पंढरपूर तालुक्यातला ऊस कधी तोडायचा ते आपलं यंत्र सांगेल, याचा त्यांना फार अभिमान वाटणार होता. खरं तर मलाही.

“तुमचं मत काय?” मी डिसोझांना विचारलं.

ते बराच वेळ डब्यावर बोटं वाजवत राहिले. “मी विकणारा माणूस नाही, दुरुस्त करणारा आहे. नवी चांगली आहे. पण तिच्या पोटात काय काय आहे ते मलाच अजून पुरतं ठाऊक नाही. जुनीचं पोट मी इतक्यांदा उघडलंय की डोळे मिटून सांगेन. आता तुमचं तुम्ही ठरवा. घेतलीत आणि अडलात, तर विचारायला कुणी नाही. नाही घेतलीत, तर पुन्हा मागायला कुणी नाही.”

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी चाचणी घ्यायचं ठरलं. जुन्या सिस्टिमची एक प्रत टेपवर उतरवून बाजूला ठेवली. डिसोझांनी नवी सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर चढवली. माझे प्रोग्राम नव्या सिस्टिमला चालतील असे पुन्हा तयार करून घेतले. त्यातच अर्धा दिवस गेला. मग साहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “हं, करा सुरू.”

प्रिंटर बदल्यांची यादी छापू लागला आणि त्याच वेळी पलीकडं टेपची चाकं फिरायला लागली. सूतसाठ्याचं काम सुरू झालं होतं. एकाच वेळी दोन्ही! आजच्या मुलांना यात काय विशेष ते सांगूनही कळणार नाही. इनामदारसाहेब, ज्यांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी चक्क टाळी वाजवली. डिसोझा मात्र यंत्राकडं बघत नुसते उभे होते. त्यांच्या हातून बसलेली ही शेवटची सिस्टिम होती.

मी यादी फाडून टेबलावर घेतली. शेजारी आदल्या दिवशी त्याच कार्डांवरून जुन्या सिस्टिमनं काढलेली यादी ठेवली. नावं तीच, दिवस तेच. आणि तरी काहीतरी निराळं दिसत होतं. ओळीवर बोट ठेवून बघत गेले, तर काही नावं वरखाली झाली होती. वाइंडिंग खात्यातली नरसम्मा जुन्या यादीत वर होती. नव्या यादीत तिच्या वर दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुली आल्या होत्या.

कारण शोधायला वेळ लागला नाही. नावं क्रमानं लावण्याचं काम सिस्टिमबरोबर आलेला कंपनीचाच एक प्रोग्राम करायचा. ज्याचे दिवस कमी, तो वर. पण दोघींचे दिवस सारखे असतील तर? जुना प्रोग्राम अशा सारख्यांना हलवत नसे. कार्डं ज्या क्रमानं आत गेली त्याच क्रमानं नावं बाहेर येत. कंपनीच्या पुस्तिकेत तसं छापलेलंच होतं. आमची कार्डं नोकरीच्या ज्येष्ठतेनं लावलेली असायची, म्हणून जुनी बदली आपोआप वर राहायची. नवा प्रोग्राम जास्त वेगवान होता, आणि त्या वेगासाठी तो सारख्यांना कसंही पिसत होता. डिसोझांनी नवी पुस्तिका काढली. ते वाक्य त्यात नव्हतं. बदललं आहे असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. ते फक्त गाळलेलं होतं.

“एवढंच ना?” साहेब म्हणाले. “ज्येष्ठताही बघ असं त्याला सांगता येईल की.”

“या यादीपुरतं येईल,” मी म्हटलं. “दोन ओळींचं काम आहे. पण साहेब, हे मला दिसलं, कारण या यादीतली नावं मला पाठ आहेत. सूतसाठ्यात, ऑर्डरींत असं काय काय आपण गृहीत धरलंय, ते मला आज सांगता येणार नाही. ते कधीतरी आपोआप बाहेर येईल. तेव्हा डिसोझा नसतील.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “बाई, तुम्ही ही यादी लागते तेव्हा फाटकावर कधी गेला आहात?”

नव्हते गेले. इतकी वर्षं यादी काढत होते आणि एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले.

शिपाई यादी घेऊन येताना दिसला तशी पेटीभोवती गर्दी झाली. ज्यांना वाचता येत होतं ते मोठ्यानं वाचत होते, बाकीचे ऐकत होते. तेलुगू, कानडी, मराठी, दखनी सगळं एकदम. एक मध्यमवयीन बाई गर्दीत न शिरता भिंतीशी उभी होती. कमरेला पिशवी, कपाळावर मोठं कुंकू. कुणीतरी नाव घेऊन तेलुगूत तिला ओरडून सांगितलं आणि तिनं मान हलवली. नावावरून मला कळलं, हीच नरसम्मा.

मी जवळ जाऊन विचारलं, “उद्या तुमचा नंबर आहे का?”

“न्हाय. उद्या न्हाय, परवा लागंल.” तिचा चेहरा अजिबात पडला नव्हता. “तुमी हापिसातल्या काय?”

मी हो म्हटलं. “मग उद्या घरीच?”

“घरी कशाला? विड्या वळीन की. आता जाऊन पानं घेती, रातच्याला भिजवती, सकाळी बसती.” मग माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न बघून तिनंच समजावलं. “आदी कसं हुतं, सकाळी फाटकावर यायचं. मुकादम बोलवतोय का बगत उबं ऱ्हायचं. न्हाय बोलवलं की ऊन डोक्यावर आल्यालं. तवर विडी कारखान्यातली पानं वाटून संपल्याली. गिरणी बी न्हाय आन विडी बी न्हाय. आता आदल्या दिशी कळतंय. लई बरं झालंय बगा.”

यंत्रानं मुकादमाचा जाच थांबवला, एवढंच आजवर मी अभिमानानं सांगत आले होते. यादी आदल्या संध्याकाळी लागते म्हणून कुणाचा दुसरा दिवस वाचतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

“समजा,” मी विचारलं, “तुमचे आणि एखाद्या नव्या पोरीचे दिवस सारखे भरले, आणि ती तुमच्या आधी आत गेली, तर?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “असं कसं जाईल? आदी आल्याली आदी. नळावर बी आमी तसंच करताव.” मग जरा थांबून म्हणाली, “भांडीन की मी. पर कुणाशी भांडायचं? आता मुकादम न्हाय, मशीन हाय म्हनत्यात. मशीनशी कसं भांडायचं, तुमीच सांगा.”

उत्तरासाठी ती थांबली नाही. तिला पानं घ्यायला जायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं साहेबांच्या टेबलाशी बसलो. मी म्हटलं, “नको घेऊ या.”

साहेब म्हणाले, “वर काय सांगू? नवीन सिस्टिम सारख्यांना सारखं वागवत नाही, असं सांगू?”

“तसं नाही, पण—”

“असू दे. काय सांगायचं ते मी बघतो.” ते उठले. दारापाशी थांबून डिसोझांना म्हणाले, “तुम्ही सोलापुरात आणखी किती राहू शकता?”

“कंपनीला आता माझी कुठंच गरज नाही,” डिसोझा म्हणाले. “म्हणाल तितकं.”

मग जे दिवस आले, ते माझ्या नोकरीतले सगळ्यात कष्टाचे आणि सगळ्यात आनंदाचे. जुनी सिस्टिम ठेवायची तर ती पुरती हातात यायला हवी होती. डिसोझांनी तिच्या सूचनांचा छापील गठ्ठा टेबलावर पसरला आणि पहिल्या पानापासून मला शिकवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ते ‘मॅडम’वरून ‘अगं’वर आले, आणि मला ते बरं वाटलं.

“विचार,” ते म्हणायचे. “वेडगळ वाटलं तरी विचार. पुढच्या महिन्यात वेडगळ प्रश्नाला उत्तर द्यायला कोण आहे?”

यंत्राच्या तोंडावर स्विचांची एक ओळ होती. एरवी तिला आम्ही हात लावत नसू. डिस्कवरची सिस्टिम कधी वाचताच आली नाही, तर त्या स्विचांनी हातानं सुरुवातीच्या सूचना भरायच्या आणि यंत्राला सांगायचं, टेपवरून घे. डिसोझा यंत्र बंद करायचे, म्हणायचे, “कर चालू. डिस्क मेली असं समज,” आणि खुशाल कॅन्टीनला चहाला निघून जायचे. पहिल्यांदा मला रडू आलं. परत आले तेव्हा यंत्र बंद आणि मी लालबुंद. ते शांतपणे म्हणाले, “कुठला दिवा आधी लागला ते बघितलंस का? यंत्र सांगत असतं. आपण ऐकायचं.” आणि पुन्हा चहाला गेले. माणूस दिवसाला किती चहा पिऊ शकतो ते त्या दिवसांत मी पाहिलं.

एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं, “आता तुम्ही काय करणार?”

“वाडी आहे. केळी बघणार.” भाकरीचा तुकडा मोडून ते हसले. “केळीला सिस्टिम लागत नाही.” पण ते हसणं लगेच विझलं. “इतकी वर्षं माझ्या डोक्यात हे सगळं भरलंय, महानंदा. कुणाला तरी दिल्याशिवाय घरी कसा जाऊ?”

त्यांना स्टेशनवर पोचवायला मी आणि साहेब गेलो. जाताना त्यांनी शेजाऱ्यांच्या फोनचा नंबर दिला. “अडलीस तर ट्रंक कॉल कर. वाडीत असलो तर हाक मारतील.”

नवी टेप त्यांनी परत नेली नाही. ती आमच्या कपाटात राहिली, डब्यातच.

आमचा निर्णय बरोबर होता का? अनेकदा स्वतःला विचारलंय. हे यंत्र असलेल्या इतर काही ठिकाणी नवी सिस्टिम बसवली गेली आणि तिथं सगळं सुरळीत चाललं, असं पुढं कानावर आलं. माझी भीती खरी होती की फुकाची, हे कळायला ती सिस्टिम घ्यायला हवी होती. आम्ही घेतली नाही, त्यामुळं मला ते कधीच कळणार नाही. उसाचं काम पुण्याला गेलं. मॅनेजर आमच्या खोलीत गारव्यालाही येईनासे झाले. पुढच्या वर्षी साहेबांना वरची जागा मिळणार असं सगळे धरून चालले होते, ती दुसऱ्याला मिळाली. ‘सिस्टिम नको हा निर्णय संपूर्ण माझा, बाईंचा त्यात काही संबंध नाही,’ असं त्यांनी मॅनेजरना सांगितलं होतं, हे मला ते निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच कुणाकडून समजलं. मी त्यांच्या घरी गेले आणि विषय काढला, तर म्हणाले, “मग? खात्याचा प्रमुख मी होतो. दुसऱ्या कुणाचा असणार?” आणि त्यांनी मला त्यांच्या कुंडीतला मोगरा दाखवायला नेलं.

पण एक दिवस मात्र सांगितलाच पाहिजे.

डिसोझा जाऊन काही महिने झाले होते. ऐन उन्हाळा. वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी यंत्र सुरू केलं, तर डिस्कमधून खर्रकन आवाज आला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. कुठूनतरी तूस आत गेला होता आणि डिस्कवर चरा पडला होता, नेमका सिस्टिम होती तिथं. साहेबांनी ताबडतोब टेलिफोन ऑपरेटरला सांगून वसईचा ट्रंक कॉल बुक केला. पण तो लागणार कधी, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

बातमी गिरणीभर पसरायला वेळ लागला नाही. थोड्या वेळात अप्पाशा दारात उभा. चपला बाहेर काढलेल्या, चेहऱ्यावर काळजी.

“ऱ्हाऊ द्या म्याडम, जिवाला तरास करून घिऊ नका. यादी न्हाय तर न्हाय. आमी हाय की.”

“अप्पाशा,” साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, “दार लावून घ्या. गारवा जातो.”

मी स्विचांच्या ओळीसमोर जाऊन बसले. शेजारच्या स्टुलावर कुणी नव्हतं. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी दिवे लागले आणि मधेच विझले. मी पुन्हा स्विच टाकायला हात नेला आणि थांबले. कुठला दिवा आधी विझला? डोळे मिटून आठवलं. टेपचाच. म्हणजे सूचना बरोबर होत्या, टेपच वाचली जात नव्हती. टेप वाचणाऱ्या यंत्राचं डोकं उघडलं तर त्यावर पांढऱ्या तुसाची पातळ साय. कापडानं पुसली, दुसरी कोरी डिस्क लावली, पुन्हा एकेक स्विच टाकला आणि बटण दाबलं.

टेपचं चाक जरासं हललं. थांबलं. मग सावकाश फिरायला लागलं.

साहेब माझ्यामागं कधी येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. दुपार कलली तेव्हा सिस्टिम नव्या डिस्कवर उतरली होती, आणि प्रिंटर गरजायला लागला तेव्हा त्या आवाजाइतका गोड आवाज मी ऐकलेला नव्हता. शिपाई यादी घेऊन फाटकाकडं धावत गेला. यादी रोजच्या वेळेला लागली.

मी डबा उघडणार, एवढ्यात फोन वाजला.

“सोलापूर? वसई लाइनवर आहे, बोला,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

“हॅलो! महानंदा?” डिसोझांना धाप लागली होती. वाडीतून धावत आले असावेत. “काय झालं?”

“मशीन चालू झाली!” मी ओरडले.

“बंद होती?”

“सिस्टिमची डिस्क गेली. टेपवरून चढवली.”

पलीकडं नुसती खरखर. मग, “कुणी चढवली?”

“मी.”

“स्विचनी?”

“स्विचनी. टेपच्या डोक्यावर तूस होता. टेपचा दिवा आधी विझला, त्यावरून कळलं.”

ते मोठ्यानं हसले. “मग मला फोन कशाला केलास?”

“सकाळी बुक केला होता. आत्ता लागला!”

ऑपरेटरबाई मध्येच म्हणाल्या, “तीन मिनिटं झाली. वाढवायचीत का?”

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“वाढवा,” मी म्हटलं.

पलीकडं मागं कुठंतरी रहाट फिरत असल्याचा आवाज येत होता. मग डिसोझांचा आवाज आला, अगदी हळू.

“महानंदा, परत सांग. पहिल्यापासून सांग. बटण दाबलंस आणि पहिला दिवा लागला ना, तिथपासून.”

मी खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला लागले.